शून्य कुठे धरायचं? निलगिरीच्या खोडातलं पाणी मोजण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका संस्थेच्या आवारात विहिरीपासून तीसेक मीटरवर निलगिरीच्या चौदा झाडांची रांग होती. लागोपाठ दोन वर्षं विहिरीचं पाणी लवकर खाली गेलं आणि सगळ्यांचं बोट या रांगेकडे वळलं. निलगिरी पाणी पिते हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पण किती पिते, असं विचारलं की चर्चा तिथेच थांबते. व्यवस्थापनापुढे सरळ रांग तोडायचा प्रस्ताव आला होता. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी एवढंच म्हटलं, "तोडायच्या आधी एकदा मोजून तरी बघा." मोजायचं काम माझ्याकडे आणि इलेक्ट्रॉनिक्स बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्याकडे आलं. हाताशी तीन महिने होते.

जागा आणि माणसं ओळखू येतील असा तपशील इथे गाळला आहे. आकडे आमच्या नोंदवहीतले आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून जवळच्या संख्येत आणलेले.

नेमका प्रश्न

प्रश्न दोन होते. एक झाड दिवसाला किती लिटर पाणी ओढतं, हा पहिला. दुसरा बैठकीतल्या एका सदस्याने विचारला होता: रात्री पंप बंद असतो, तेव्हा विहीर भरून यायला हवी, ते पाणी झाडं रात्रीच ओढून घेतात का?

दुसरा प्रश्न आम्ही त्या वेळी फारसा मनावर घेतला नाही. पानांची रंध्रं रात्री मिटतात, बाष्पोच्छ्वास थांबतो, प्रवाह शून्यावर येतो, असं आम्ही शिकलो होतो आणि तेच गृहीत धरलं. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ इथे आहे. रात्रीचा प्रवाह शून्य नसेल तर, हा प्रश्न उपकरण निवडायच्या आधी विचारायला हवा होता.

कोणते पर्याय होते

जिवंत खोडातून चाललेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि नळाला मीटर लावतात तसा खोडाला लावताही येत नाही. म्हणून जवळपास सगळ्या पद्धती उष्णतेचा आधार घेतात. खोडात थोडी उष्णता सोडायची आणि वर जाणारं पाणी ती कशी वाहून नेतं ते बघायचं. ब्रूनो ह्यूबर यांनी १९३२ मध्ये जर्मनीत उष्णतेचा ठोका देऊन ही कल्पना मांडली, तेव्हापासून तिचे बरेच प्रकार निघाले.

आमच्यापुढे तीन प्रकार होते. पहिला खोडाभोवती गुंडाळायचा तापता पट्टा. तो रोपांना आणि बारीक फांद्यांना चांगला, पाऊणशे सेंटिमीटर घेराच्या खोडाला निरुपयोगी. दुसरा उष्णतेच्या ठोक्याचा, त्यातही २००१ मध्ये बर्जेस आणि सहकाऱ्यांनी मांडलेला गुणोत्तराचा प्रकार. यात मधल्या सुईने क्षणभर उष्णता सोडायची आणि अर्धा सेंटिमीटर वर व अर्धा सेंटिमीटर खाली बसवलेल्या दोन सुयांच्या तापमानवाढीचं गुणोत्तर घ्यायचं. पाणी वर चाललं असेल तर वरची सुई जास्त तापते, उलटं चाललं असेल तर खालची. मंद प्रवाहच काय, उलटा प्रवाहही यात दिसतो. अडचण अशी की सुयांमधलं अंतर मिलिमीटरच्याही अंशाने चुकलं तर उत्तर चुकतं, आणि खोडात तीन भोकं अगदी समांतर पाडणं आमच्या हातांना जमेल याची खात्री नव्हती.

तिसरा प्रकार फ्रान्सच्या आंद्रे ग्रॅनिए यांनी १९८५ मध्ये मांडलेला, सतत तापत्या सुईचा. दोन सुया, प्रत्येकी २० मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, एकीखाली एक. वरची ०.२ वॅटने अखंड तापवायची, खालची तशीच ठेवायची. पाणी थांबलेलं असेल तेव्हा वरची सुई सर्वांत जास्त तापलेली असते. पाणी वाहू लागलं की ती गार होते. दोघींच्या तापमानातला फरक तेवढा नोंदवायचा.

त्यावरून प्रवाह काढण्याचा हिशोबही सुटसुटीत आहे. शून्य प्रवाहाच्या वेळच्या फरकातून आत्ताचा फरक वजा करायचा, उरलेल्याला आत्ताच्या फरकाने भागायचं, आलेल्या संख्येचा १.२३१ वा घात घेऊन ४२.८४ ने गुणायचं. उत्तर तासाला सेंटिमीटरमध्ये येतं, म्हणजे रसकाष्ठाच्या (ज्या लाकडातून पाणी प्रत्यक्ष वर जातं त्या बाहेरच्या थराच्या) दर चौरस सेंटिमीटरमधून तासाला किती घन सेंटिमीटर पाणी गेलं ते. शून्य प्रवाहाला फरक १० अंश आणि भर दुपारी ६.५ अंश असेल तर प्रवाह येतो तासाला सुमारे २० सेंटिमीटर.

या हिशोबात एक मेख आहे. सगळा डोलारा त्या पहिल्या आकड्यावर, शून्याच्या वेळच्या फरकावर उभा आहे, आणि तो आकडा सेन्सर सांगत नाही. तो आपण ठरवायचा असतो.

आम्ही तिसरी पद्धत निवडली, कारण सुया हाताने बनवता येणार होत्या आणि बिघडल्या तर पुन्हा बनवता येणार होत्या. या कारणात चूक नव्हती. पण रात्री प्रवाह असतो का, या प्रश्नासाठी आम्ही रात्रीचा प्रवाह शून्य मानणारी पद्धत घेतली होती, आणि हे त्या दिवशी आम्हा तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

बसवणी

दोन झाडं निवडली. त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. साल सोडून 'अ'चा घेर ८८ सेंटिमीटर, 'ब'चा ७५. प्रत्येकाला समोरासमोरच्या दोन बाजूंनी एकेक जोडी, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर. खोडाच्या सगळ्या बाजूंनी सारखं पाणी जात नाही, म्हणून एका जोडीवर विसंबायचं नव्हतं.

निलगिरीची बाहेरची साल हाताने सुटते, आतली नाही. पटाशीने तळहाताएवढा चौकोन हलक्या हाताने खरवडत गेलो आणि ओलसर, फिकट थर लागला तिथे थांबलो. ड्रिलला २ मिलिमीटरपेक्षा किंचित जाड बिट लावून, मध्येमध्ये बाहेर काढून गार होऊ देत भोक पाडलं. घाईने पाडलेल्या भोकात लाकूड करपतं आणि करपलेल्या लाकडातून पाणी जात नाही. भोकात अॅल्युमिनियमची बारीक नळी सरकवली, सुईला उष्णतावाहक मलम लावलं आणि सुई आत बसवली. दुसरी सुई बरोबर १० सेंटिमीटर खाली.

दहा मिनिटांत वरच्या भोकाच्या ओठावर गडद लाल डिंकाचा थेंब जमला. जखम झाली की निलगिरी हा डिंक सोडते. तो पुसला, पुन्हा आला. मॅडम म्हणाल्या, "पुसू नका. ते त्याचं औषध आहे." त्या थेंबाकडे बघताना आपण जिवंत वस्तूला भोक पाडतोय याची जाणीव झाली आणि ती पुढे एका निर्णयात आमच्या आड आली.

सुयांवर थर्माकोलचे अर्धगोल, त्यावर चकचकीत इन्सुलेशनचा पट्टा, वरच्या कडेला सिलिकॉन. खालची कड उघडी ठेवली, म्हणजे खोडावरून ओघळलेलं पाणी आत साचणार नाही. उन्हाने खोड असमान तापतं आणि दोन सुयांमध्ये आपोआप फरक पडतो. तो किती, हे बघायला आधी दोन दिवस तापक बंद ठेवून नोंदी घेतल्या. पश्चिमेच्या बाजूला दुपारी ०.४ अंशापर्यंत फरक दिसला. पट्टा खाली-वर हातभर वाढवल्यावर तो ०.१ वर आला. हे दोन दिवस वाया गेले असं तेव्हा वाटलं होतं. अख्ख्या कामातले ते सर्वांत सत्कारणी लागलेले दिवस.

विजेच्या बाजूचं थोडं सांगायला हवं. तांबं आणि कॉन्स्टंटन (तांबं-निकेलचा मिश्रधातू) यांच्या, तापमान मोजणाऱ्या जोडातून एका अंशाला साधारण ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. म्हणजे १० अंशांच्या फरकाला ४०० मायक्रोव्होल्ट, अर्धा मिलिव्होल्टसुद्धा नाही. साध्या मायक्रोकंट्रोलरच्या १० बिटांच्या मापनात एक पायरीच जवळजवळ ५ मिलिव्होल्टची असते. आमचा सगळा संकेत त्या एका पायरीच्या आत हरवला असता. १६ बिटांच्या चिपवर रात्र ते दुपार हा सगळा बदल जेमतेम अठरा पायऱ्यांत मावत होता. शेवटी २४ बिटांची चिप घेतली. दर अर्ध्या मिनिटाला नोंद, दहा मिनिटांची सरासरी.

तापकांसाठी सहकाऱ्याने चारही सुया एकसर, म्हणजे एकीमागे एक, एकाच वाटेत जोडल्या. प्रत्येक तापक २० ओहमचा, ०.१ अँपिअर सोडला की बरोबर ०.२ वॅट आणि प्रत्येकी २ व्होल्ट. चार सुयांचे ८ व्होल्ट, लांब तारांचे थोडे, आणि विद्युतधारा स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रकाला लागणारे ३ च्या आसपास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे निघत होतं. काठावर, पण निघत होतं. बॅटरी जुनीच होती, दुसऱ्या कामातून सुटलेली, दिवसा छोट्या सौर पॅनेलवर भरणारी.

पहिला आलेख

पहिला आठवडा लख्ख उन्हाचा गेला. आलेख पुस्तकात असतो तसा: सकाळी चढण, दुपारी पठार, संध्याकाळी उतार, रात्री सपाट. दुसऱ्या आठवड्यात ढग आले. दिवसाचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे घटला आणि रात्रीचा वाढू लागला. पहाटेपर्यंत तो तासाला पावणेतीन सेंटिमीटरवर जात होता. रात्रभराची बेरीज दिवसाच्या प्रवाहाच्या पंचमांशाहून जास्त भरत होती.

आम्ही हरखलो. निलगिरीच्या काही जाती रात्री रंध्रं पूर्ण मिटत नाहीत हे वाचनात आलेलं होतं, त्यामुळे आलेख खरा वाटायला आधारही मिळाला. सोळाव्या दिवशी बैठक होती. मी तो आलेख तसाच दाखवला. "झाडं रात्रीसुद्धा पाणी ओढतात," हे वाक्य माझं. खोलीतल्या प्रत्येकाने तेच वाक्य उचललं, आणि त्याच्या मागचं "प्राथमिक नोंदींनुसार" तिथेच गळून पडलं.

पावसाची रात्र

चार दिवसांनी रात्रभर पाऊस झाला. सकाळी मॅडमनी आर्द्रतेच्या नोंदी मागितल्या. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत शंभर टक्के. पानं निथळत होती. हवेत आणखी बाष्प मावायला जागाच नव्हती, म्हणजे बाष्पदाबाची तूट शून्य. अशा रात्री पानातून पाणी बाहेर जाण्याचं कारण उरत नाही. आमचा हिशोब मात्र पहाटे तासाला २.७ सेंटिमीटर सांगत होता.

"पाणी जातंय कुठे मग?" मॅडमनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग प्रवाहाचा आलेख बाजूला ठेवून तापमानातल्या फरकाचे मूळ आकडे उघडले. पहिल्यांदाच इतक्या बारकाईने. दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. चारही सुयांमधला फरक रात्री एकाच टक्क्याने घसरत होता. दोन वेगळी झाडं, चार वेगळ्या बाजू, आणि घसरण हुबेहूब तीच. खोडातल्या पाण्यामुळे असं होत नाही. दुसरी गोष्ट त्याहून ठळक होती: सूर्य उगवला की झाडाचा प्रवाह सुरू होतो, म्हणजे फरक कमी व्हायला हवा. इथे पावणेसातला तो वीस मिनिटांत वर उडी मारत होता आणि मग खाली येत होता. प्रवाह सूर्योदयाला अचानक थांबतो, असा त्याचा अर्थ झाला असता.

पावणेसातला आवारात आणखी एक गोष्ट होत होती. पॅनेलवर ऊन पडत होतं.

दोष कुठे होता

सहकाऱ्याने तापकांच्या वाटेत १ ओहमचा रोधक घातला, म्हणजे १०० मिलिअँपिअरला १०० मिलिव्होल्ट वाचता येतील. पहाटे पाचला आम्ही दोघं टॉर्च घेऊन झाडाखाली होतो. मीटरवर ९५.४. बॅटरी ११.३ व्होल्टला आली होती. एवढ्या व्होल्टवर नियंत्रकाला हवी तेवढी मोकळीक उरत नव्हती आणि धारा हळूहळू ढासळत होती.

साडेचार टक्क्यांची घट दिसायला किरकोळ आहे. पण उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तापमानातला फरक नऊ टक्क्यांच्या आसपास घटतो. १० अंशांचा ९.१ झाला की ग्रॅनिएंचं समीकरण तो प्रामाणिकपणे तासाला अडीच सेंटिमीटर पाण्यात बदलून देतं. त्यात भर आमच्या प्रोग्रॅमची. मध्यरात्र ते सकाळी सात या वेळेतला सर्वांत मोठा फरक म्हणजे शून्य, असं आम्ही त्याला सांगितलं होतं. पॅनेलवर ऊन पडल्यावरची ती उडी नेमकी सातच्या आत येत होती. प्रोग्रॅम तिला शून्य धरत होता, आणि त्या उडीपेक्षा खाली असलेली सगळी रात्र प्रवाह ठरत होती.

बॅटरीच्या व्होल्टची नोंद लॉगर, म्हणजे सगळे आकडे साठवणारं उपकरण, पहिल्या दिवसापासून ठेवत होता. शेवटच्या रकान्यात. आम्ही तो रकाना एकदाही काढून बघितला नव्हता.

आता जुन्या नोंदींचं काय करायचं, हा निर्णयाचा प्रश्न होता. व्होल्टवरून धारा काढून प्रत्येक आकडा दुरुस्त करणं शक्य होतं. सहकाऱ्याचा कल तिकडे होता आणि गणित त्याचं बरोबर होतं. मी विरोध केला. एकदा चुकीचा आकडा दाखवून झाल्यावर तोच आकडा 'दुरुस्त' करून पुन्हा दाखवणं मला पटेना. शेवटी असं ठरलं की बॅटरी ११.८ व्होल्टच्या खाली गेलेल्या रात्री सरळ काढून टाकायच्या. चोवीसपैकी अकरा गेल्या. दिवसा पॅनेलमुळे धारा पूर्ण होती, म्हणून दिवसाच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांना शून्य दिलं शेजारच्या चांगल्या रात्रींचं. आज विचारलं तर म्हणेन, दुरुस्ती करून पाहायला आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायला हरकत नव्हती. पण काढून टाकणं चुकलं असं वाटत नाही.

सांगायचं कधी

या भागाबद्दल लिहिणं जड जातं.

पावसाच्या सकाळी शंका आली. धारा मोजून खात्री व्हायला, नवी बॅटरी बसवायला आणि तीन स्वच्छ रात्री मिळायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आम्ही व्यवस्थापनाला काही कळवलं नाही. कारण देता येईल: अर्धवट माहितीवर एकदा बोलून बसलो होतो, दुसऱ्यांदा पूर्ण खात्रीनेच बोलू असं वाटलं. सहाव्या दिवशी विहिरीच्या बाजूची शेवटची दोन झाडं तोडली गेली. रांगेचा निर्णय बाकी होता, पण ही दोन "तशीही विहिरीला लागून" होती, आणि रात्रीच्या पाण्याचं ते वाक्य कारणांच्या यादीत होतं.

पहिल्याच सकाळी एक ओळ लिहून पाठवता आली असती: परवाच्या आलेखातल्या रात्रीच्या भागावर आम्हाला शंका आहे, तो धरू नका. शंका कळवायला खात्री लागत नाही. आम्ही दोन्हींत गल्लत केली. ती झाडं तरीही तोडली गेली असती का, हे सांगता येत नाही, आणि त्या आडोशाला मी उभा राहणार नाही.

बुंध्यावरचं कडं

दुसरी चूक त्या बुंध्यांनीच दाखवली.

'ब' झाडाचा प्रवाह सुरुवातीपासून 'अ'च्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त येत होता: दुपारी 'अ' ३५ सेंटिमीटर, 'ब' २०. 'ब'वर शेजारच्या इमारतीची सावली पडते, म्हणून असेल, असं आम्ही स्वतःला समजावलं होतं. रसकाष्ठाचा थर किती जाड आहे हे बघायला खोडातून पेन्सिलपेक्षाही बारीक गाभा काढावा लागतो. मॅडमनी बसवणीच्या दिवशीच ते सुचवलं होतं. "आणखी एक भोक कशाला," असं मी म्हटलं. तो लाल थेंब डोळ्यांसमोर होता. २० मिलिमीटरची सुई रसकाष्ठात मावेल असं धरून चाललो.

तोडलेल्या बुंध्यावर मॅडमनी मिथिल ऑरेंजचं पातळ द्रावण ब्रशने फिरवलं. निलगिरीचं मध्यकाष्ठ, म्हणजे आतलं, पाणी न वाहणारं लाकूड, आम्लधर्मी असतं. त्यावर रंग गुलाबी होतो, रसकाष्ठावर पिवळाच राहतो. दोन-तीन मिनिटांत सबंध बुंधा गुलाबी झाला आणि कडेने पिवळी रिंग उरली. पट्टी लावली: १५ मिलिमीटर. तोडलेलं झाड 'ब'च्याच जाडीचं होतं.

त्याच दुपारी 'अ' आणि 'ब' दोघांचे गाभे काढले. 'अ' २२ मिलिमीटर, 'ब' १५. म्हणजे 'ब'मध्ये सुईचे शेवटचे ५ मिलिमीटर, पाव लांबी, अशा लाकडात होते जिथून पाणी जातच नाही. तो पाव भाग दिवसभर तापलेलाच राहत होता आणि सगळ्या सुईची सरासरी वर ओढत होता. यावरची दुरुस्ती क्लिअरवॉटर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दिलेली आहे: मोजलेल्या फरकातून शून्याच्या फरकाचा पाव हिस्सा वजा करायचा आणि उरलेल्याला पाऊणने भागायचं. ६.५ मधून २.५ गेले, ४ राहिले, भागिले ०.७५ म्हणजे ५.३. समीकरणातून प्रवाह आला तासाला ३६ सेंटिमीटर. वीसचे छत्तीस. 'अ' आणि 'ब' आता एकाच पातळीवर होते आणि सावलीच्या स्पष्टीकरणाची गरज उरली नाही.

लिटरमध्ये मात्र उडी एवढी मोठी पडत नाही, कारण रसकाष्ठ २० मिलिमीटर धरल्याने 'ब'चं क्षेत्रफळ १३८ चौरस सेंटिमीटर येत होतं, प्रत्यक्षात ते १०६ आहे. आधीचा हिशोब तासाला २.८ लिटर होता, दुरुस्तीनंतर ३.८. दोन चुका एकमेकींना अर्धवट झाकत होत्या, म्हणूनच एकूण आकडा कुणाला खटकला नाही.

शून्याचा नवा निर्णय

नवी मोठी बॅटरी आली, नियंत्रकाला पुरेशी मोकळीक मिळाली, धारेची नोंद स्वतःच्या रकान्यात सुरू झाली. तरीही प्रश्न होताच: रात्री प्रवाह असू शकतो, तर रोजच्या रात्रीचा सर्वांत मोठा फरक शून्य कसा धरायचा? तसं केलं तर खरा रात्रीचा प्रवाहही शून्यात गिळला जाणार.

यावर आम्ही असं केलं. पहाटेच्या किमान दोन तासांत बाष्पदाबाची तूट जवळजवळ शून्य आहे, फरकाची रेष सपाट आहे आणि धारा ९९.५ मिलिअँपिअरच्या वर आहे, या तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या रात्रीच शून्याच्या रात्री मानल्या. मधल्या रात्रींना त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या शून्यावरून आकडा दिला. दहा दिवसांत अशा दोन-तीन रात्री मिळत. कोरड्या हवेचा लांब टप्पा आला की हाच मार्ग अडतो, हेही लिहून ठेवलं.

मग खरा रात्रीचा प्रवाह दिसला. कोरड्या, वाऱ्याच्या रात्री तासाला दीड-दोन सेंटिमीटर, दमट रात्री काही नाही. त्यातला मध्यरात्रीपर्यंतचा भाग बहुधा दिवसभरात रिकामं झालेलं खोड पुन्हा भरण्याचा असतो. पानातून बाहेर जाणारं आणि खोडात मुरणारं पाणी ही सुई वेगळं करू शकत नाही. सगळं धरूनही रात्रीची बेरीज दिवसाच्या ५ ते ८ टक्के. झाडं रात्री पाणी ओढत होती, हे खरंच निघालं. फक्त आम्ही ज्या आलेखावरून ते सांगितलं होतं, त्यात ते नव्हतं.

निष्पत्ती

उन्हाच्या दिवशी 'ब' साधारण २५ लिटर, 'अ' ४० ते ४५. उरलेल्या बारा झाडांचे घेर मोजून रांगेचा अंदाज काढला: दिवसाला ४०० लिटरच्या आसपास. टाकी भरायचा वेळ मोजला तेव्हा विहिरीवरचा पंप तेवढं पाणी चार मिनिटांत बाहेर टाकतो असं दिसलं. ग्रॅनिएंचं मूळ समीकरण अनेक झाडांत प्रवाह कमी दाखवतं असं तपासण्यांत आढळलेलं आहे, म्हणून अहवालात आकडा दुप्पट धरूनही तुलना दिली. आठ मिनिटं.

अहवालाच्या पहिल्याच पानावर जुना आलेख मागे घेतल्याचं आणि कारणाचं लिहिलं. बैठकीत तो भाग मी वाचून दाखवला. एक गोष्ट मुद्दाम सांगितली: हा सेन्सर खोडातून किती पाणी गेलं ते सांगतो, ते विहिरीच्या झऱ्यातलं होतं की वरच्या मातीतलं, ते नाही. रांगेचा निर्णय एक कोरडा हंगाम मोजून होईपर्यंत पुढे ढकलला गेला. पंप किती वेळ चालतो याची नोंद ठेवायलाही त्याच दिवशी सुरुवात झाली.

पुन्हा करायचं झालं तर

गाभा पहिल्या दिवशी काढेन. एका बारीक भोकाची दया केली आणि त्यापायी दोन महिन्यांची मोजणी डळमळीत झाली. झाडाच्या बाजूने विचार केला तरी हा सौदा वाईट.

निदान एका झाडावर गुणोत्तराच्या पद्धतीच्या सुया लावेन. भोकं समांतर पाडायला जाड धातूचा, ड्रिलची दिशा धरून ठेवणारा साचा लागतो. तो बनवून घेणं आम्ही समजलो तेवढं अवघड नाही. तापकाची धारा ही झाडाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची नोंद आहे आणि ती पहिल्या रकान्यात असायला हवी. सुया चारही एकसर जोडण्याचा निर्णय मात्र तसाच ठेवेन. त्यामुळे वीज वाचली, आणि चौघी एका टक्क्याने घसरल्या म्हणूनच दोष सापडला. वेगवेगळे नियंत्रक असते तर तो झाडांच्या स्वभावात दडून गेला असता.

मुंग्यांचं सांगायचं राहिलं. थर्माकोलच्या उबेला त्यांनी दुसऱ्या महिन्यात घर केलं आणि 'अ'ची एक सुई वर उचलली. दर पंधरा दिवसांनी आवरण उघडून बघणं आता वेळापत्रकात आहे.

तोडलेल्या दोन्ही बुंध्यांना फुटवे आले आहेत, निलगिरीला येतात तसे, बोटाएवढे. यांना सुई लावता येत नाही. अंगठ्याएवढे जाड झाले की त्यांच्याभोवती तापता पट्टा गुंडाळायचा, म्हणजे आधी निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेली पद्धत वापरायची, असं मॅडमचं म्हणणं आहे. सहकारी त्याच्या तापकाचा रोध मोजत बसला आहे.